आभारामुळे अडलेली नोंदणी

लिंडग्रोव्हच्या ग्रंथालयात आर्डिस टॉलफ्सनला कुणी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. तसा तिकडे कुणीच आवाज चढवत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात माणूस चिडला की "बरं, बघू" म्हणतो, आणि फारच चिडला तर नुसतं "बरं" म्हणतो. त्यामुळे मार्चमधल्या एका सोमवारी मुख्य ग्रंथपालाच्या खोलीतून बाहेर येऊन आर्डिस जेव्हा "बरं" एवढंच म्हणाली, तेव्हा देवघेवीच्या टेबलाशी बसलेल्या मार्लिसने हातातला शिक्का खाली ठेवला.

"काय केलं त्याने?"

"माझ्या बायका काढून टाकतोय."

"सगळ्या?"

"अठ्ठेचाळीस हजार."

या बायका पाककृतींच्या. त्या मुलखात प्रत्येक चर्चच्या महिला मंडळाने कधी ना कधी पाककृतींचं पुस्तक काढलेलं असतं. प्लास्टिकच्या वेटोळ्यात बांधलेलं, मुखपृष्ठावर कोंबडा किंवा चर्चचा मनोरा, आणि आत प्रत्येक पदार्थाखाली करणारीचं नाव. आता नाव म्हणायचं इतकंच. छापलेलं असायचं 'मिसेस ऑर्विल स्टेंगल' किंवा 'मिसेस लॉइड नार्वेसन'. केक बाईचा आणि नाव ऑर्विलचं, ज्याने जन्मात अंडं फोडलं नसेल. लिंडग्रोव्हच्या ग्रंथालयात अशी अकराशे चाळीस पुस्तकं होती. जगभरची ग्रंथालयं सूची करायला जी पद्धत वापरतात तिच्यात लेखकासाठी एक जागा असते. तिथे 'लूथरन महिला मंडळ' असं लिहिलं की काम संपलं.

आर्डिसचं काम काही संपलं नाही. बावीस वर्षांपूर्वी तिच्या डोक्यात हा किडा शिरला, आणि तिने सूचीची स्वतःची एक पद्धत काढली. तिचं नाव ठेवलं पॉटलक. चर्चच्या तळघरातल्या जेवणाला जशी प्रत्येक घरची एकेक थाळी येते, तशी या सूचीत प्रत्येक पाककृतीची एकेक ओळ. पहिल्या रकान्यात पदार्थ, दुसऱ्यात पान, तिसऱ्यात छापलेलं नाव आणि चौथ्यात त्या बाईचं स्वतःचं नाव. हा चौथा रकाना भरायला आर्डिस थडग्यांवरची अक्षरं वाचत फिरली, बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळल्या, वृद्धाश्रमात फोन लावून बहिऱ्या म्हाताऱ्यांशी बोलली. एकसष्ट हजार पाककृतींपैकी अठ्ठेचाळीस हजारांचा चौथा रकाना तिने भरला. नवरा डेल म्हणायचा, की आमच्या घरी पाहुणे कमी आणि मेलेल्या बायका जास्त येतात. हे तो कौतुकाने म्हणायचा. आता तोही नव्हता.

आणि आता एक जुलैपासून आसपासच्या नऊ ग्रंथालयांची मिळून एक सूची होणार होती. संगणकावर. अडचण तिथे होती.

इंटरनेटवरून जे काही इकडून तिकडे जातं, त्याच्यापुढे एक चिठ्ठी धावत असते. मी चित्र आहे, मी गाणं आहे, मी अमुक आहे. चिठ्ठी वाचून पलीकडच्या संगणकाला कळतं की आलेल्या पाहुण्याला कुठल्या खोलीत बसवायचं. या चिठ्ठ्यांची सगळ्या जगाची मिळून एक नोंदवही आहे. तिच्यात नाव नसेल तर संगणक दारातच अडवतो आणि विचारतो, हे काय आहे? पॉटलकचं नाव त्या वहीत नव्हतं. नवी सूची बनवणाऱ्या कंपनीचं एक पत्रक आलं होतं आणि त्यात लिहिलं होतं, की अनोळखी प्रकारची सामग्री नव्या सूचीत सामील करता येणार नाही. मुख्य ग्रंथपाल ब्रेंट कोगलिन याने तेवढी ओळ वाचली आणि आर्डिसला बोलावलं.

"तुमचं काम सोन्यासारखं आहे हो," ब्रेंट म्हणाला. तो अडतीस वर्षांचा होता, सज्जन होता, आणि वाईट बातमी देताना बिस्किटांची बशी पुढे करायचा. "पण ते अनोळखी आहे. मी काय करू? डिस्कवर उतरवून कपाटात ठेवू."

"कपाटात?" आर्डिस म्हणाली. "याआधीही त्या कपाटातच होत्या, ब्रेंट. ओट्यावरच्या."

"मग नोंदवून घ्या वहीत! मी माझे तळ्यांचे नकाशे नोंदवलेच की. अर्ज केला, चौदा दिवस कुणी काही बोललं नाही, झालं काम."

ब्रेंटला मासेमारीचा नाद होता. आठशे बारा तळ्यांच्या खोलीचे नकाशे त्याने हौसेने सूचीत घातले होते, आणि त्यांचा प्रकार जगाच्या वहीत चढला होता.

तर आर्डिसने अर्ज केला. अर्ज तिने भरला कसा, हे सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. अर्जात एक प्रश्न असतो, की या प्रकारच्या सामग्रीमुळे ती घेणाऱ्याला काही धोका संभवतो का. शहाणी माणसं तिथे ठरीव चार वाक्यं लिहितात आणि पुढे जातात. ब्रेंटने तीच लिहिली होती. पण आर्डिस सूचीकार होती. सूचीकाराला रिकामा रकाना दिसला की त्यात खरं ते भरल्याशिवाय त्याला घास गिळवत नाही. तिने दोन दिवस विचार केला आणि लिहिलं:

"होय. १९५७ साली नॉर्डविक येथील पुस्तकात लोणच्याच्या बिटांच्या कृतीत छपाईची चूक होऊन व्हिनेगर एका कपाऐवजी एक चमचा पडले. चर्चच्या सहलीत अकरा जण आजारी पडले, त्यात पास्टर होते. सर्व जण बरे झाले. चूक सूचीत नोंदवली आहे."

अर्ज गेला तो एका ईमेलच्या गटाकडे. जगभरातले साठसत्तर इंजिनिअर त्या गटात आहेत, पगाराविना, निव्वळ हौस म्हणून. अर्ज यायचा, गटापुढे ठेवला जायचा, कुणाला हरकत असेल तर ती मांडायची. लिहिलं ते कधीच पुसायचं नाही, अशी तिथली रीत. गटाची शिस्त राखणारा उर्स नावाचा एक गृहस्थ स्वित्झर्लंडमध्ये बसायचा, आणि हरकती घेण्यात सगळ्यांचा वस्ताद पश्चिमेकडच्या ऑरेगनमधला डेक्स्टर पेनहॅलो.

पेनहॅलोचं पहिलं पत्र तासाभरात आलं. "अर्जदाराच्या सांगण्यानुसार ही फाइल उघडल्याने पास्टर आजारी पडू शकतो. माझ्या तीस वर्षांच्या कामात मी असा प्रकार पाहिलेला नाही. खुलासा व्हावा."

आर्डिसने लगेच उत्तर लिहिलं. "प्रिय मि. पेनहॅलो, एवढं बारकाईने वाचल्याबद्दल मनापासून आभार! फाइल उघडल्याने नाही, बीट खाल्ल्याने."

मग काय, गटाला चेव आला. कुणी विचारलं, चिमूटभर म्हणजे नक्की किती, आणि चिमूट कुणाची? कुणी लिहिलं, की 'शिजेपर्यंत ढवळत राहा' या सूचनेला अंत नाही, ढवळणारा कायमचा अडकून पडेल. पेनहॅलो म्हणाला, "शिजलं हे कुणी ठरवायचं?" आर्डिसने लिहिलं, "सासूने. आभारी आहे!" ओसाकातल्या एका भल्या माणसाने नमुन्याची पाककृती खरंच करून पाहिली. लाल जेलीत किसलेलं गाजर, अननस आणि वर मेयोनेज. त्याने फोटोसह अहवाल पाठवला: "पदार्थ सूचनेबरहुकूम तयार झाला. ही चूक आहे की हेतू, हे मला ठरवता आलं नाही."

"हेतू," आर्डिसने उत्तर दिलं. "तुम्ही घेतलेल्या कष्टांबद्दल शतशः आभार."

मार्लिस रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन तिच्या खांद्यावरून वाचायची. मार्लिस चाळीस वर्षं देवघेवीवर बसलेली, तिला जगात कशाचंच नवल उरलं नव्हतं. पण हे वाचून ती डोळे पुसायची.

"आर्डिस, अगं हे रिकामटेकडे पुरुष तुला स्वयंपाक शिकवायला लागले."

"ते मदत करतायत."

"मदत? ब्रेंटच्या तळ्यांना कुणी विचारलं का, पाणी ओलं कशावरून?"

एप्रिल गेला, अर्धा मे गेला. गटात एकशे चाळीस पत्रं झाली. हरकती एकेक करून विझल्या, पण नोंदणी काही होईना. शेवटी आर्डिसने अतिशय नम्रपणे विचारलं, की आमचं कुठे अडलं आहे, हे कळेल का? उर्सचं उत्तर आलं.

"अर्जदाराचं प्रत्येक पत्र ही अर्जातली दुरुस्ती मानली जाते. अर्जदार सलग चौदा दिवस गप्प राहिल्यास अर्ज मंजूर होतो. मार्चपासून आपण एकोणसाठ दुरुस्त्या केल्या आहेत. पैकी बेचाळीस 'आभारी आहे' अशा आहेत."

आर्डिसचा चेहरा पडला. तिने लिहिलं, "अरेरे, मला कल्पना नव्हती. क्षमस्व."

उर्स: "दुरुस्ती पोचली. चौदा दिवस नव्याने सुरू."

"समजावून सांगितल्याबद्दल आभारी आहे."

उर्स: "दुरुस्ती पोचली. चौदा दिवस नव्याने सुरू."

तिसऱ्या वेळी मार्लिसने तिचा हात धरला. "अगं बाई, सोड तो कीबोर्ड!"

"उत्तर न देता कसं राहायचं? माणसं काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत. काही न म्हणणं हेच तर तुझं काम आहे आता!"

सांगायला सोपं. पण मिनेसोटाच्या माणसाला आभार न मानता राहायला सांगणं म्हणजे त्याला उंबरठ्यावर निरोप न घेता निघून जायला सांगणं. तिकडे पाहुणा निघतो म्हणाल्यापासून मोटार सुरू होईपर्यंत पाऊण तास जातो. खुर्चीतून उठताना एकदा निरोप, कोट घालताना एकदा, दारात एकदा, आणि मोटारीच्या काचेतून वाकून शेवटचा. आर्डिस पुढच्या तीन आठवड्यांत दोनदा घसरली. एकदा ओसाकाच्या माणसाला मुलगी झाली तेव्हा, आणि एकदा कुणीतरी नुसतं "सप्ताहअखेर सुखाची जावो" लिहिलं तेव्हा. "तुमचीही," एवढं तिने उत्तर दिलं आणि चौदा दिवस पाण्यात गेले.

पंधरा जूनला सकाळी दहा वाजता शेवटची संधी सुरू झाली. एकोणतीस जूनला दहा वाजता चौदा दिवस पुरे होणार होते, आणि तीस तारखेला संध्याकाळी जुनी सूची नव्या सूचीत ओतायची होती. मार्लिसने आर्डिसचा कीबोर्ड उचलला, टेबलाच्या खणात टाकला आणि किल्ली स्वतःच्या गळ्यातल्या साखळीत अडकवली. गटातली पत्रं पडद्यावर येत राहिली. आर्डिस ती वाचायची आणि पडद्याकडे बघून मान डोलवायची. आभार आत साठत गेले. त्या पंधरवड्यात तिने शेजाऱ्यांना चार वेळा वड्या करून नेऊन दिल्या. पोस्टमनला तर तिने दोनदा मिठी मारली.

एकोणतीस तारखेला सकाळी आर्डिस नेहमीपेक्षा लवकर आली. मार्लिसने रूबार्बच्या आंबट देठांचा केक आणला होता, दहा वाजता कापायला. ब्रेंटही दोनदा डोकावून गेला. नऊ वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर पेनहॅलोचं पत्र आलं.

"माझ्या सर्व हरकती मी मागे घेतो. नमुन्यादाखल दिलेली पंचवीस क्रमांकाची नोंद, मिसेस अर्नेस्ट हाल्वर्स्रुड यांचा कॉफीबरोबरचा पाव, मी सात प्रकारच्या संगणकांवर उघडून पाहिली. उत्तम उघडते. मिसेस अर्नेस्ट हाल्वर्स्रुड यांचं नाव या नोंदणीच्या इतिहासात राहील."

"वा!" मार्लिस म्हणाली. "म्हातारा वठणीवर आला. चाळीस मिनिटं, आर्डिस. झालंच समज."

आर्डिसने पत्र पुन्हा वाचलं.

"काय गं?"

"अल्मा."

"कोण अल्मा?"

"तिचं नाव अल्मा. चौथ्या रकान्यात आहे. त्याने तिसरा वाचला."

मार्लिसने खुर्ची सरकवली आणि ती तिच्यासमोर येऊन बसली. "आर्डिस. ऐक माझं. ती बाई मरून पन्नास वर्षं झाली."

"त्रेपन्न."

"त्रेपन्न. ती आणखी चाळीस मिनिटं थांबेल. दहा वाजून एक मिनिटाने मी स्वतः तुला कीबोर्ड देते, लिही त्याला काय लिहायचं ते."

"तोपर्यंत हेच पत्र मंजुरीचं पत्र होईल. मंजुरीला शेवटचं आलेलं पत्र जोडतात आणि मग त्या अर्जावर पुढे काही लिहिता येत नाही. तिकडे काही पुसतही नाहीत. कायम राहील ते."

"राहू दे! एका बाईपायी अठ्ठेचाळीस हजार घालवणार आहेस का तू?"

हा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि आर्डिसला तो कळलाही. अल्मा हाल्वर्स्रुडचं नाव शोधायला तिला चार वर्षं लागली होती. थडग्यावर 'अर्नेस्टची पत्नी' एवढंच होतं. चर्चच्या नोंदी आगीत गेलेल्या. शेवटी एका पडक्या शाळेतल्या फोटोच्या पाठीवर शिक्षिकेने पेन्सिलीने मुलांची नावं लिहिलेली सापडली, आणि दुसऱ्या रांगेत, वेणी पुढे घेतलेली, अल्मा. त्या दिवशी आर्डिस मोटारीत बसून रडली होती. ज्यांनी ती पुस्तकं छापली त्या भल्या बायकांनाही काही कारण असणारच. ओळीत जागा नसेल, छापखानेवाला घाई करत असेल, आणि बाकी सगळं पुस्तक व्हायचं होतं, तर एका नावापायी कोण अडून बसणार? प्रत्येक वेळी एकाच नावाचा प्रश्न होता. असं एकेक करूनच एकसष्ट हजार झाली होती.

"किल्ली दे, मार्लिस."

"नाही देणार."

"मार्लिस," आर्डिस म्हणाली. "बरं."

तिच्या तोंडून तसं 'बरं' मार्लिसने चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा ऐकलं. तिने गळ्यातली साखळी काढून दिली. डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की कशाचं, तिचं तिला ठाऊक.

आर्डिसने लिहिलं: "मि. पेनहॅलो, त्यांचं नाव अल्मा. अल्मा हाल्वर्स्रुड. कृपया चौथा रकाना पाहावा." आणि बोटं थांबायला तयार नव्हती, चौदा दिवसांचं तुंबलेलं होतं, म्हणून खाली, "सगळ्यांचे सगळ्या पत्रांबद्दल आभार."

नऊ वाजून एकतीस मिनिटांनी उर्सचं उत्तर आलं. "दुरुस्ती पोचली. चौदा दिवस नव्याने सुरू."

रूबार्बचा केक त्यांनी तरीही कापला. मार्लिसने दोन तुकडे खाल्ले आणि दिवसभर ती आर्डिसशी अवाक्षर बोलली नाही. तीस तारखेला आर्डिस रजा टाकून घरी बसली. बावीस वर्षं मातीत गेली, आणि तीही स्वतःच्या हाताने, असं तिला वाटत होतं आणि ते सारखं वाटत होतं. तिने ओटा तीन वेळा पुसला.

एक जुलैला ती कामावर आली तेव्हा ग्रंथालयातले सगळे फोन वाजत होते.

"नाही हो, कोरडं नाही पडलं," ब्रेंट एका फोनमध्ये सांगत होता. "तळं आहे, जागेवर आहे. हो, मला कळतंय, तिथे खोली शून्य दाखवतंय. नाही, तिथे गाडी घालू नका!"

झालं होतं असं. नव्या सूचीने ओळखीच्या प्रकारांचं आगतस्वागत केलं, आणि मग सगळ्यांना एका साच्यात बसवलं. साच्यात नाव, लेखक आणि वर्ष इतक्याच जागा. तळ्यांच्या नकाशांचा प्रकार जगाच्या वहीत असल्यामुळे यंत्राने ते लगेच ओळखले आणि सोलून काढले. आता आठशे बारा तळ्यांचं नाव 'तळे' होतं, लेखक 'मिनेसोटा' होता आणि खोली कुणाचीच नव्हती. मासेमारीच्या ऐन हंगामात.

"आणि माझं?" आर्डिसने विचारलं.

ब्रेंटने फोन बाजूला ठेवला आणि कंपनीचं पत्रक तिच्या हातात दिलं. परवापर्यंत त्याने त्यातली एकच ओळ वाचली होती. पुढची ओळ अशी होती, की अर्ज प्रलंबित असलेली अनोळखी सामग्री, यंत्राला तिच्यातलं काही कळत नसल्यामुळे, जशीच्या तशी सोबत ठेवण्यात येईल आणि शोधात अक्षरशः तपासली जाईल.

मार्लिसने देवघेवीच्या संगणकावर टाइप केलं: अल्मा हाल्वर्स्रुड. दोन सेकंद गेले. पडद्यावर साधी, न नटवलेली एक ओळ आली. कॉफीबरोबरचा पाव, पान एकोणीस, मिसेस अर्नेस्ट हाल्वर्स्रुड, अल्मा. वर लाल पट्टीत लिहिलं होतं, 'सावधान: हा प्रकार अनोळखी आहे.'

"अनोळखी," मार्लिस म्हणाली. दोन दिवसांत हा तिचा पहिला शब्द. "बघ की, यंत्राला तू अजिबात कळली नाहीस म्हणून वाचलीस."

आर्डिस खुर्चीत बसली आणि हसायला लागली, आणि मग तिला हसू आवरेना.

"फक्त एक आहे," ब्रेंट खाली बघत म्हणाला. त्याने बिस्किटांची बशी पुढे केली. "ज्या दिवशी तुमची नोंदणी मंजूर होईल, त्या दिवशी यंत्र तुम्हाला ओळखेल. मग तुमचंही तळं होईल. आणि अर्ज मागे घेतला तर प्रलंबित राहत नाही, मग ते साफच करतात. तेरा तारखेला तुमचे चौदा दिवस भरतायत. तुम्ही... म्हणजे मला तुमच्यावर दबाव आणायचा नाही, पण... तुम्ही गप्प बसू नका."

तेव्हापासून आर्डिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर तेराव्या दिवशी लाल गोल आहे. त्या दिवशी ती गटाला पत्र लिहिते. अकरा जुलैला तिने दुरुस्ती कळवली, की पान बहात्तरवरच्या मिसेस क्लॅरेन्स ओपडाल यांचं नाव हुल्दा. चोवीसला इंगा. ऑगस्टमध्ये एकदा न्यूमोनियाने ती दवाखान्यात पडली तर मार्लिसने तिच्या वतीने पत्र पाठवलं, त्यात नाव होतं गुद्रुन आणि खाली 'आभार वगैरे'. उर्स प्रत्येक वेळी पोच देतो आणि चौदा दिवस नव्याने सुरू करतो. एकदा त्याने शंका काढली, की अर्जदाराला मंजुरी हवी आहे ना? आर्डिसने लिहिलं, "आपण विचारलंत याबद्दल फार आभारी आहे." ती दुरुस्ती धरली गेली.

गटातले लोक हळूहळू कंटाळले. नवे अर्ज आले, दुसरी भांडणं लागली. पेनहॅलोने तर अल्मानंतर एक अक्षरही लिहिलं नव्हतं. रागावला असेल, असं आर्डिसला वाटे, आणि त्याचं तिला वाईटही वाटे, कारण सात संगणकांवर पाव उघडून बघणारा माणूस काही रोज भेटत नाही.

ऑक्टोबरच्या एका सकाळी त्याचं पत्र आलं.

"मी हरकत घेतो. विलो कूली येथील पुस्तक, १९६१, पान अडतीस, सफरचंदाची कुरकुरीत वडी. तिसरा रकाना, मिसेस रॉय पेनहॅलो. चौथा रकाना रिकामा आहे. ती माझी आई. तिचं नाव आयोनी. दुरुस्त करावं."

आर्डिसने नोंद उघडली. चौथा रकाना खरंच रिकामा होता. शेजारी तिच्याच हस्ताक्षरातल्या जुन्या कार्डावर टाचण होतं: कुटुंब पश्चिमेकडे गेलं, पत्ता नाही. पेनहॅलो हे नाव सात महिने रोज तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि जिला दुसऱ्याच्या सूचीतला एक स्वल्पविराम खुपतो तिच्या लक्षात हे आलं नव्हतं. तिने रकान्यात नाव भरलं, दोनदा तपासलं आणि उत्तर लिहिलं.

"दुरुस्ती केली. आयोनी पेनहॅलो. आभारी आहे. मि. पेनहॅलो, लग्नाआधीचं आडनाव काय होतं? तेही घालते."

उर्सची पोच ताबडतोब आली. पेनहॅलोचं उत्तर यायला मात्र जवळजवळ तास लागला.

"माहीत नाही," त्याने लिहिलं होतं. "मी तिला कधी विचारलंच नाही."

आर्डिसने कॉफी बाजूला सारली आणि विलो कूलीच्या चर्चचा नंबर फिरवला.